अकराव्या रिळातली शांतता

भिवंडी पाहायला म्हणून कुणी जात नाही. लोक कापड घ्यायला जातात, कामाला जातात, फार तर पाहुण्यांकडं जातात. मी भूत दाखवायला गेलो होतो. परत येऊन आठ दिवस झाले. गल्लीत, तालमीत, सासुरवाडीत चार-चार वेळा सांगून झालं, तरी पोटातलं हसू संपत नाही, म्हणून म्हटलं एकदा बैठक मारून नीट लिहूनच काढावं.

मी कोल्हापूरचा. सिनेमातले आवाज करणं हा माझा धंदा. गाणी आणि संवाद दुसरे करतात. मी दार करकरवतो, पावलं वाजवतो, वारा सोडतो. शूटिंग झाल्यावर बंद खोलीत पडद्याकडं बघत हे सगळं करायचं असतं. गेल्या वर्षी आमच्यातल्या पाच-सहा जणांनी मिळून एक भुताचा सिनेमा काढला. त्याचं नाव तीनदा बदललं, त्यामुळं ते सांगण्यात अर्थ नाही. भुताचं काम गल्लीतल्या एका पैलवानानं केलं. अंगावर नाटकवाल्यांकडून आणलेला अस्वलाचा पोशाख, त्याची चेन पाठीला. शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी पैलवानाचा घोटा मुरगळला. थांबायला सवड नव्हती, म्हणून आमच्या भुताला लाकडी पाय आला. तो वाजवायचं काम अर्थातच माझ्याकडं.

आता घरचं सांगतो, कारण खरी भीती तिथं होती. माझे सासरे साखर कारखान्यात वजनदार माणूस. त्यांनी माझ्यासाठी टाइम ऑफिसात कारकुनाची जागा बघून ठेवली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. दहा वर्षं मी दारं करकरवतोय आणि अजून माझं नाव कुठल्या सिनेमाच्या पाटीवर धड आलेलं नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी मी बायकोला, सुशीलाला, शब्द दिला. "सिनेमा भिवंडीत लागतोय. लोक माझ्या आवाजाला घाबरले तर मी हेच काम करणार. नाही घाबरले तर सोमवारी कारखान्यात." ती नुसती मान हलवून भाकरी उलटत राहिली.

भिवंडीच का, तर भुताचा सिनेमा भिवंडीच्या लूमवाल्यांनी, म्हणजे यंत्रमागांवरच्या कामगारांनी, उचलला की तो सगळीकडं चालतो, असं आमच्या वितरकाचं ठाम मत होतं. तिथं पास तर पास.

पडघा आणि दापोडे, गुरुवार

सिनेमाच्या पेट्या ट्रान्सपोर्टनं पुढं पाठवल्या होत्या. मी एसटीनं कल्याणपर्यंत नीट पोचलो आणि तिथं घाईघाईत भलत्याच गाडीत चढलो. जाग आली ती पडघ्याला. बाजार भरलेला, ट्रकांची रांग, आणि जो तो मला नाशिकला जायचंय असंच धरून चाललेला. अखेर गवताच्या पेंढ्या नेणाऱ्या एका ट्रकवाल्यानं पुढं बसवून घेतलं. भिवंडी येईपर्यंत माझ्या शर्टात इतकं गवत शिरलं होतं की मी स्वतःच एखाद्या भुताच्या सिनेमातला वाटत होतो.

पेट्या दापोड्याच्या गोदामात उतरल्या होत्या. दापोड्याला नजर जाईल तिकडं गोदामं. आमच्याकडं एवढ्या जागेत ऊस उभा असता. गोदामाचे मालक गणपतशेठ पाटील बनियनवर खुर्ची टाकून बसले होते. कापडाच्या गाठींच्या डोंगराखाली आमच्या पत्र्याच्या पेट्या सापडायला दोन तास गेले. चौदा रिळांपैकी बाहेर आली तेरा. अकरावं रीळ काही दिसेना.

"पेटीन काय हाय, भाऊ?" शेठनी विचारलं.

"सिनेमा आहे. भुताचा."

"मंग एक भूत पलून गेला आसल," शेठ म्हणाले आणि हमालांसकट सगळे हसले. मला हसू येईना. माझा सगळ्यात चांगला आवाज त्या अकराव्या रिळात होता. भुताचा लाकडी पाय विहिरीच्या पायऱ्यांवरून उतरतो, तो प्रसंग.

माझं तोंड बघून शेठ गंभीर झाले. "जेवलाव का न्हाय? आधी जेवा. पेटी कुठं जात न्हाय." ते मला मागच्या अंगणात घेऊन गेले. तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या निवट्यांचं कालवण. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे इवलेसे मासे, वाडग्यातून डोळे वटारून बघणारे. आमच्याकडं भाकरी जोंधळ्याची आणि मासा म्हणजे फार तर पंचगंगेचा. पहिला घास डोळे मिटून घेतला, पुढचे उघडून घेतले, तिसरी भाकरी मागून घेतली. हात धुऊन बाहेर येतो तर अकराव्या रिळाच्या डब्यावर एक हमाल मजेत बसून विडी ओढत होता. मी ओरडलोच. फिल्मजवळ विडी! तो दचकून उठला आणि म्हणाला, "बसायला बरा व्हता." रीळ मिळाल्याच्या आनंदात मी त्याचा हात हातात घेऊन दोनदा हलवला.

टॉकीज, शुक्रवार

टॉकीजचे मॅनेजर हुसेनचाचा. जुनं कोकणी मुसलमान घराणं, साठी उलटलेली, दाढी मेंदीनं लाल. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं, "आज शुक्रवार. लूम बंद. सगळा गाव मोकळा. तीनच्या खेळाला बघा, उभं राहायला जागा नाही मिळायची." भिवंडीचे यंत्रमाग आठवडाभर रात्रंदिवस दोन पाळ्यांत चालतात आणि सुट्टी रविवारी नसून शुक्रवारी असते. नमाज झाल्यावर चाचा मला घरी जेवायला घेऊन गेले. वाफवलेली तांदळाची सांदणं आणि मटण. रस्सा आमच्या तांबड्याएवढा अंगावर येणारा नव्हता, पण खोबऱ्याची गोडी जिभेवर अशी रेंगाळली की भूत घटकाभर विसरलो.

तीन वाजता टॉकीज खच्चून भरलं. आजमगढचे, बिहारचे, तेलंगणाकडचे, आपल्या मराठवाड्यातले, असे सगळे लूमवाले. धुतलेले शर्ट, केसांना तेल, आणि तरी कानाच्या पाळीमागं कापसाचा बारीक धुरळा राहिलेलाच. मी मधल्या रांगेत बसलो. शेजारी इस्माईलभाई नावाचा चाळिशीचा विणकर होता, आजमगढकडचा. मी सिनेमावाला आहे असं कळल्यावर त्यानं आपल्या पुड्यातले चणे माझ्यापुढं केले.

सिनेमा सुरू झाला आणि माझे हाल सुरू झाले. पहिल्या रिळात ढग गडगडतात. मी पत्रा हलवून केलेला तो गडगडाट स्टुडिओतल्या माणसांनाही दचकवून गेला होता. इथं एक पापणी हलेना. दार धाडकन आपटलं, लोक चणे खात होते. बाईनं किंकाळी फोडली, मागचा एक जण जांभई देत होता. भूत आलं तेव्हा मात्र टाळ्या पडल्या. "आ गया पहलवान!" कुणीतरी ओरडलं. पाठीची चेन दिसल्याबरोबर तर लोक खुर्चीवरून उठून एकमेकांना दाखवायला लागले.

मध्यंतरात मी चहाचा ग्लास हातात धरून भिंतीला टेकलो. माझा चेहरा पडलेला बघून इस्माईलभाईनं विचारलं, "क्या हुआ? अच्छी तो है पिक्चर."

"कोई डर नहीं रहा है," मी माझ्या कोल्हापुरी हिंदीत म्हणालो.

"डरने थोड़ी आते हैं. बड़ी पिक्चर में विलन कुर्सी पे बैठ के हुकुम देता है. ये भूत बेचारा सब काम खुद करता है. लंगड़ा है, फिर भी चल के आता है. चेन दिखती है तो क्या हुआ, हमको मालूम है अंदर आदमी गरमी में मर रहा होगा."

आजवर मला कुणी असं सांगितलं नव्हतं. आम्ही जे झाकायला धडपडत होतो तेच बघायला ही माणसं आली होती. ऐकून बरं वाटलं, पण माझा प्रश्न तसाच राहिला. लोक पैलवानावर खूश होते, माझ्या आवाजाला कुणी भीक घालत नव्हतं. मी मनातल्या मनात टाइम ऑफिसातली खुर्ची बघून घेतली.

मग अकरावं रीळ लागलं. बाई कंदील घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरते आणि मागून लाकडी पाय येतो. खट, खट, खट, खट. तो आवाज मी पाटावर मुसळ आपटून केला होता. टेप कमी होती, म्हणून चार ठोक्यांचा तुकडा कापून त्याची टोकं जोडली आणि तोच गोल गोल फिरवला होता. अर्धं मिनिट खटखट चालली आणि एकाएकी बंद पडली. सगळाच आवाज गेला.

काय झालं ते मी ओळखलं. प्रोजेक्टरमध्ये चित्रासाठी एक मोठा दिवा असतो आणि आवाज वाचण्यासाठी वेगळा लहानसा बल्ब. तो उडाला की चित्र चालू राहतं आणि पडदा मुका होतो. आमच्याकडं असं झालं तर पहिल्या पाच सेकंदांत शिट्ट्या, दहाव्या सेकंदाला खुर्च्या. मी मान खाली घालून शिट्ट्यांची वाट बघू लागलो.

एकही शिट्टी आली नाही. मी वर बघितलं तर पडद्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. शेकडो माणसं झटकन डावीकडं बघत होती, मग उजवीकडं. कुणी अर्धवट उठलेले, कुणी डोळ्यांवर आडवा हात धरलेला. इस्माईलभाईच्या हातातला चण्याचा पुडा खाली पडला होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं. तेवढ्यात पडद्यावर बाईच्या खांद्यावर तो केसाळ हात पडला आणि माझ्या पुढच्या रांगेतला आडदांड माणूस असा ओरडला की त्याच्यापाठोपाठ सगळं टॉकीज ओरडलं. मिनिटभरानं बल्ब बदलून आवाज आला. लोकांनी श्वास सोडला, मग हसले, मग टाळ्या वाजवल्या, आणि सहाच्या खेळाला त्यातलेच निम्मे पुन्हा रांगेत उभे राहिले.

हुसेनचाचांनी मला मिठी मारली. "असं घाबरलेलं पब्लिक मी बघितलं नव्हतं!"

मला रडावं की हसावं कळेना. लोक घाबरले होते, पण मला नव्हे. उडालेल्या बल्बला घाबरले होते. सुशीलाला दिलेला शब्द मी काही बल्बच्या नावानं दिला नव्हता.

टेमघर, शनिवार सकाळ

इस्माईलभाई टेमघरच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होता. त्यानंच सकाळी बोलावलं होतं. इचलकरंजी माझ्या घरापासून तासाभरावर आहे, पण तिथं मी फक्त लग्नाची जेवणं जेवून आलोय. माग चालू असलेल्या शेडमध्ये पहिल्यांदा शिरलो तो असा, दोनशे मैल लांब येऊन. दारातच आवाजानं मला थोपवून धरलं. चोवीस माग एका पत्र्याखाली. माझा ढगांचा गडगडाट इथं कुणाच्या खिजगणतीत असणार?

इस्माईलभाई चार माग एकटा सांभाळत होता. तिसऱ्याचा दोरा जोडत होता, पाठ पहिल्याकडं. इतक्यात पहिला थांबला. त्या सगळ्या कल्लोळात मला काही कळलं नाही, पण त्याची मान गर्रकन वळली. कालच्यासारखीच. तो धावत गेला, बघितलं, सूत तुटलं होतं, जोडलं आणि माग पुन्हा चालू केला. मग मला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन आला.

"हम आँख से कम, कान से ज़्यादा काम करते हैं," तो म्हणाला. "बजता है तो सब ठीक है. चुप हुआ तो या धागा टूटा, या धोटा उछला." त्यानं भुवईवरचा पांढरा व्रण दाखवला. धोटा म्हणजे मागात सपासप इकडून तिकडं जाणारं, दोन टोकांना लोखंड लावलेलं लाकूड. तो मागातून सुटला की समोर जो असेल त्याचा डोळासुद्धा जातो. "तो पहले देखना पड़ता है, किसको लगा. कल तुम्हारा भूत चल रहा था ना, बिल्कुल साँचे जैसा, हमारे लूम जैसा. एक बराबर. हम सब उसी में लग गए थे. फिर वो रुक गया."

चहा तसाच हातात राहिला. तो खटखटाट एकसारखा होता, कारण माझ्याकडं टेप कमी होती. माणसाच्या हातानं सबंध वाजवला असता तर पुढं-मागं झालाच असता. आमच्या गरिबीनं भुताच्या पायाला मागाची चाल दिली होती.

पुन्हा टॉकीज

टॉकीजवर आलो तर बाराचा खेळ सुरू होता आणि चाचांनी परस्पर डोकं चालवलं होतं. ऑपरेटर नाईकांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की भुताचा हात आला की आवाज बंद करायचा. नाईकांनी इमानेइतबारे केला. लोकांनी तितक्याच इमानानं शिट्ट्या मारल्या. "ए आवाज!" "ऑपरेटर सो गया क्या!" एक चप्पल पडद्यावर गेली.

चाचा कपाळाला हात लावून बसले. "काल तर जमलं होतं, भाई!"

मला मात्र एवढा आनंद झाला की विचारू नका. नुसता आवाज घालवून कुणी घाबरत नाही, हे समोर सिद्ध झालं होतं. आधी माझे ठोके हवेत. लोकांचे कान त्यात अडकले पाहिजेत आणि मग ते नेमक्या जागी तुटले पाहिजेत. ती जागा हात येण्याच्या बऱ्याच आधी होती. ती मला माहीत होती, नाईकांना नव्हती, बल्बलाही नव्हती.

"अकरावं रीळ मला द्या," मी म्हणालो. "आणि पोस्टर रंगवणाऱ्याकडून काळी शाई आणि बारीक ब्रश."

फिल्मच्या कडेला एक बारीक रेघोटी असते, आवाज त्यात असतो. ती काळी केली की तिथं आवाज नाही. कायमचा गेला. चाचा घाबरले. "एकच प्रिंट आहे. बिघडलं तर?" नाईक तर रीळ छातीशी धरून उभे राहिले. मी म्हटलं, "यातला आवाज माझा आहे. बिघडला तर माझाच बिघडेल." हे बोललो खरा, पण ब्रश दोनदा शाईत बुडवून परत ठेवला. पायऱ्यांचा तो प्रसंग म्हणजे माझं दहा वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम, आणि मी ते पुसायला बसलो होतो.

टेबलावर रीळ उलगडून कंदिलाच्या चित्रापासून पुढं ठोके मोजले. ज्या ठोक्यानंतर बाई पायरीवर थबकते तो गाठला. तिथपासून भुताचा हात पडेपर्यंत साठेक फूट. नाईक फिल्म धरून पुढं सरकवत होते, मी ब्रश ओढत होतो. मध्ये एकदा त्यांना शिंक येतेय असं वाटलं तेव्हा दोघांचेही प्राण कंठाशी आले. सव्वाचारला शाई वाळली. तीनच्या खेळात पावणेपाचच्या सुमाराला ते रीळ लागणार होतं.

मी खाली जाऊन बसलो. इस्माईलभाई कुणाशी तरी पाळी बदलून घेऊन आलाच होता, शेजारी जागा धरून. रात्रपाळीवाले झोप मोडून आलेले, टॉकीज निम्म्याहून जास्त भरलेलं. कंदील दिसला. खट, खट, खट, खट. चण्यांचा आवाज कमी झाला. लोकांचे कान त्यात गुंतत गेलेले मला आज डोळ्यांनी दिसत होते. बाई थबकली.

आणि सगळ्या माना वळल्या. डावीकडं, उजवीकडं. सगळं ठाऊक असूनही इस्माईलभाईची मान वळली आणि त्यानं माझा गुडघा असा आवळला की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं होतं. केसाळ हात पडायला अजून बराच अवकाश होता आणि तेवढा वेळ कुणी खोकलंसुद्धा नाही. मग किंकाळी उठली. मला हुंदकाच फुटला. सांगायला लाज कसली, मी तिथं बसून रडलो.

शेवट बघायला थांबलो नाही. तडक बाहेर पडलो आणि समोरच्या दुकानातून आमच्या शेजाऱ्यांकडं कोल्हापूरला फोन लावला. त्यांनी सुशीलाला हाक मारली. ती धावत आली असणार, दम लागलेला ऐकू येत होता.

"घाबरले का?" तिनं विचारलं.

"घाबरले. माझ्याच कामाला."

ती म्हणाली, "मी काल नवा डबा आणला होता, तीन खणांचा. कारखान्यात न्यायला."

मला एकदम अपराधी वाटलं. "रागावलीस?"

"रागावू कशाला? दोन महिने घरात नीट जेवला नाहीत तुम्ही," ती म्हणाली. "या आता. बाबांना मी सांगते. डबा स्टुडिओत न्या."